थोरला, धाकला आणि हौसामावशी

हौसामावशींच्या पाया पडायचं म्हणजे आधी त्यांना उंचावर चढू द्यावं लागे. समोरचं माणूस वाकतंय अशी नुसती शंका आली की त्या "थांब, थांब, थांब!" करून ओरडायच्या, इकडंतिकडं बघायच्या आणि जवळपास जे काही उंच दिसेल त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. घरी असल्या तर जोत्यावर, नदीवर असल्या तर धुण्याच्या दगडावर. एका लग्नात तर त्या धान्याच्या पेटीवर चढल्या आणि खाली उभ्या असलेल्या नव्या नवरीला म्हणाल्या, "हां, आता पड पाया." पेटीचं झाकण कडकन वाजलं. नवरी घाबरून उभ्याउभ्याच त्यांच्या पावलांना हात लावून पळाली आणि मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

सगळं गाव हसायचं. "आता नुस्ता शेंदूर फासायचा राहिलाय म्हातारीला," असं पाणवठ्यावर चालायचं. माझ्या सासूबाईंना तर ही तऱ्हा अजिबात खपायची नाही. "काय बाई हा ताठा! नमस्कार घ्यायचा तर माणसानं जमिनीवर राहून घ्यावा. ही काय गडावरची देवी लागून गेली?" असं त्या दर सणाला म्हणायच्या.

मला मात्र मावशींची ही तऱ्हा फार सोयीची होती. का, ते त्या वेळी तुम्ही मला सुळावर चढवलं असतंत तरी मी सांगितलं नसतं.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरी म्हणजे तेव्हा खेडंच होतं. चहूकडे ज्वारी-बाजरीची रानं, खाली पवना, पलीकडे रेल्वेचं लहानसं ठेसन. त्या रानांत एकेक कंपनी उभी राहायला लागली होती. भोंगा वाजला की बैल बिचकायचे आणि मागाहून शेतकरी शिव्या द्यायचे. औषधांच्या नव्या कंपनीत ह्यांना नोकरी लागली, तशी आम्ही साताऱ्याकडून बिऱ्हाड हलवलं आणि हौसामावशींच्या घराच्या कडेच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. हे, मी आणि सासूबाई. मावशींच्या घरात त्या आणि त्यांचे मालक आबा, एवढी दोनच माणसं. आबा फक्त बैलांशी बोलायचे. घरात त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल.

पहिल्याच सकाळी मी चुलीपुढं होते. भिंतीपलीकडून मावशींचा खणखणीत आवाज आला, "थोरल्या, रातभर वराडलास! आता तरी गप बस की रं! बघ, धाकला कसा शान्यावानी बसलाय."

मला वाटलं, मुलं असतील. कुणाला ताप असेल. नव्या जागी शेजारधर्म म्हणून मी डब्यातले दोन लाडू घेऊन गेले आणि म्हटलं, "मावशी, थोरल्याला नि धाकल्याला द्या. किती वर्षांची आहेत?"

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी एक लाडू उजव्या गुडघ्याला टेकवला आणि खाल्ला. दुसरा डाव्या गुडघ्याला टेकवला आणि तोही खाल्ला. "पोचलं दोगांस्नी," म्हणाल्या. "ह्यो थोरला, ह्यो धाकला. माज्या लग्नाच्या पाठोपाटच आलं दोगं. घरातनं जायाचं नाव काढत न्हाईत." आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की गोठ्यातला बैल वळून बघायला लागला.

मूलबाळ काही नव्हतं त्यांना. हे मला मागाहून कळलं आणि त्या लाडवांची फार लाज वाटली.

मावशींचं दुखणं असं चारचौघांत नांदायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या गुडघ्यांची खबरबात द्यायच्या. "आज थोरला रुसलाय." "आज दोगंबी गुमान हायेत, नजर नगा लावू." त्या गुडघ्यांवर काय काय उपाय झाले होते म्हणता! वैदूचं तेल झालं, मांत्रिकाचा गंडा झाला, हाडवैद्यानं ओढून झाले. "जानार न्हाई ते," मावशी म्हणायच्या. "मंग किती दिस त्येच्या जान्याची वाट बगत दारात बसू? घरात घेतलं आन् कामाला लावलं."

कामाची त्यांची रीत तर आणखी नामी. एकही काम त्या सलग पुरं करायच्या नाहीत. अर्धं अंगण सारवून उठायच्या, चार घरं फिरून यायच्या, मग उरलेलं सारवायच्या. जात्यावर बसल्या की ऐन दळणात खुंटा सोडून उभ्या राहायच्या. समोर दळायला बसलेली बाई वैतागायची. "अवो, अजून सूपभर बाकी हाय!" तर ह्या शांतपणे सांगायच्या, "व्हय, पन अजून दुकाय लागलं न्हाई. दुकायच्या आदी उटायचं आसतं." आणि जास्त दुखत असेल त्या दिवशीही नदीपर्यंत चक्कर चुकवायच्या नाहीत. कुंथत, शिव्या घालत, पण जायच्याच. "निस्तं बसवून ठिवलं तर ही पोरं माजत्यात," म्हणायच्या.

आता माझं सांगते.

माझी कंबर दुखायची. ना मी कुठं पडले, ना काही लागलं. लग्नानंतर वर्षभरातच माकडहाडाच्या वर एक कळ बसली ती बसलीच. वाकलं की वीज चमकल्यासारखं व्हायचं आणि क्षणभर डोळ्यांपुढं अंधारी यायची. दिसायला मी चांगली धडधाकट. गाल वर आलेले, हातपाय शाबूत. अशा बाईनं 'कंबर दुखते' म्हटलं तर लोक काय म्हणणार? कामचुकार. त्यात नवरा औषधांच्या कंपनीत! गावातल्या बायका ह्यांच्याकडं खोकल्याला गोळी मागायला यायच्या आणि इकडं मी, घरची बाई, भिंतीला धरून उठत होते.

आणि नुसती लाज असती तर एक वेळ चाललं असतं. ह्यांच्या चुलतभावाची बायको दम्याची निघाली म्हणून तिला माहेरी धाडली होती. ती परत आलीच नाही. सासूबाई ती हकिगत अगदी सहज सांगायच्या, भाजी निवडता निवडता. "दुखणाईत निघाली हो. फसवलं आम्हांला." माझ्या हातातली मेथी तिथंच थांबायची. माझी कंबर बाहेर कळली की माझीही पेटी भरली जाणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग काय, सोंगं! केर काढायचा तर मी गुडघ्यांवर बसून काढायची आणि म्हणायची, "कोपऱ्यातलं नीट निघतं असं." खाली पडलेला कपडा पायाच्या बोटांत धरून वर उचलायची, इतकी तरबेज झाले होते की माकडानं शिकवणी लावावी. पण एका गोष्टीला सोंग नव्हतं. नमस्कार. सणावारी थोरामोठ्या बायकांच्या पायांवर डोकं ठेवायचंच, ते सगळ्यांसमोर, आणि लगेच हसऱ्या तोंडानं उठायचं. संक्रांत, चैत्रगौर जवळ आली की मी दिवस मोजायची; एका मावशींपुढंच उभ्यानं निभायचं.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यातली गंमत. मी अंगणात मावशींशी बोलत होते आणि माझ्या हातातली काड्यापेटी पडली. दोघींच्या मधोमध. मला वाकता येईना. मावशींना गुडघा मुडपता येईना. मी म्हटलं, "यंदा थंडी फार आहे नाही?" मावशी म्हणाल्या, "व्हय, लई." मग हरभऱ्याचं झालं, नदीच्या पाण्याचं झालं, आबांच्या नव्या बैलाचं झालं. काड्यापेटी तिथंच. चूल पेटवायची होती, पण दोघीही जणू ती दिसतच नाही अशा उभ्या. शेवटी आबा रानातून आले, त्यांनी काड्यापेटी उचलली, आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि विडी पेटवून ती खिशात टाकून निघून गेले.

मावशीही आपल्या घरात वळल्या. मला वाटलं, त्यांच्या गुडघ्यांच्या भानगडीत माझी कंबर झाकून गेली. मी मनातून खूश झाले, सुटले म्हटलं.

त्यानंतर मावशी जेव्हा बघावं तेव्हा माझ्या भिंतीशी येऊन गुडघ्यांना रागवायच्या. "थोरल्या, भरला हंडा येकदम उचलू नगंस. आर्दा आर्दा आन, तुजं काय पळून चाललंय?" मी ऐकायची. दुसऱ्या दिवशी नदीवरून अर्धाच हंडा आणायची. "धाकल्या, वाकताना कमरंत मोडू नगंस, खाली बसून घे." एकदा तर म्हणाल्या, "थोरल्या, रातच्याला उताना झोपू नगंस. कुशीवर नीज आन् पाय पोटाशी घे." गुडघ्यानं पाय पोटाशी घ्यायचे! मी चुलीपुढं एकटीच खदखदून हसले. म्हातारीचं डोकं फिरलंय म्हटलं. रात्री सगळे झोपल्यावर मात्र मी गुपचूप कुशीवर वळले, पाय पोटाशी घेतले, आणि कितीतरी दिवसांनी सकाळी भिंतीला न धरता उठले.

कळ गेली नाही. पण तिची ये-जा कळायला लागली. मावशींसारखंच मीही अर्ध्यावर काम सोडून उठायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "त्या हौसाचं वारं लागलं हिला." मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. मावशींचं वारं लागलं म्हटलेलं मला परवडत होतं.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या संक्रांतीला सासूबाईंनी आमच्या खोलीत थाटानं हळदीकुंकू केलं. पिंपरीतल्या, चिंचवडातल्या ओळखीच्या बायका बोलावल्या. मला सकाळीच बजावलं, "नव्या गावात आपली काही पत आहे. आलेल्या प्रत्येक थोर बाईच्या पायांवर डोकं ठेवायचं. नुसता हात लावायचा नाही."

बायकांनी खोली भरली. मावशी आल्या त्या मोशीहून आलेल्या आपल्या धाकट्या बहिणीच्या, चंद्राक्कांच्या, खांद्याचा आधार घेत. थंडीनं थोरला पार सुजला होता. एकेक पाऊल टाकताना त्यांचे ओठ आवळलेले दिसत होते, आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाही गुडघ्यांची खबरबात दिली नाही.

"सुमन, आधी हौसाबाईंच्या पाया पड. त्या वडील," सासूबाई म्हणाल्या.

मी करंडा घेऊन पुढं झाले. मावशींनी हात वर केला, "थांब, थांब!" आणि खोलीभर नजर फिरवली. जोतं बाहेर, ट्रंकेवर अंथरुणांची चवड. उंच असं काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी भिंतीशी ठेवलेले पाट ओढले आणि एकावर एक रचायला लागल्या. एक, दोन, तीन. बायका खुसखुसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "चढा, देवी, चढा!" माझे कान तापले. मावशींसाठी तापले असं मी म्हणेन, पण खरं तर त्या माझ्या घरी असलं काही करताहेत ह्याचीच मला शरम वाटत होती.

तेवढ्यात चंद्राक्का म्हणाल्या, "अगं अक्के, ह्यो काय उद्योग? तुला उंबरा वलांडवत न्हाई आन् पाटावर कुटं चढतीस?"

"अहो, त्यांचं नेहमीचंच आहे ते," सासूबाई हसून म्हणाल्या. "त्या उंचावरूनच नमस्कार घेतात."

"न्हेमीचं?" चंद्राक्का चक्रावल्या. "कवापासनं? माजी सून लग्न होऊन आली तवा हिच्या अंगनात हिच्या पाया पडली की. ही खाली घोंगडीवर बसली हुती चांगली. तुमी ऱ्हायला येन्याच्या आदल्याच सालची गोष्ट."

मी तिथंच उभी राहिले. आम्ही राहायला येण्याच्या आदल्या सालापर्यंत घोंगडीवर. आम्ही आल्यापासून जोत्यावर. मला ती काड्यापेटी आठवली. अर्धा हंडा आठवला. कुशीवर निजणारा गुडघा आठवला. सगळ्या गावाकडून त्या पाया पडून घेत होत्या उंचावरून, म्हणजे मी एकटी उभ्यानं नमस्कार करते हे कुणाच्या लक्षात येऊ नये. आणि त्यापायी ताठ्याची म्हातारी, शेंदूर फासायची देवी, सगळं ऐकून घेत होत्या. तेही असल्या गुडघ्यांनी. मला माझीच लाज वाटली.

मावशींनी एक पाय पाटांवर ठेवला. भिंतीला धरून दुसरा उचलायला गेल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा उचलायला गेल्या.

"खाली उतरा!" मी ओरडले.

खुसखुस थांबली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही काय बोलायची रीत?"

"मावशी, खाली उतरा. माझ्यासाठी चढू नका." माझा आवाज चिरकला, पण आता थांबता येत नव्हतं. "मला वाकता येत नाही. माझी कंबर दुखते. रोज दुखते. तीन वर्षं झाली."

सगळ्या बायका माझ्या कमरेकडं बघायला लागल्या. बोलल्यावर मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशींनी पाटावरचा पाय हळूच खाली घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "यवड्यांदा कशापायी वराडतीस? माजं गुडगं गेल्यात, कान न्हाई गेलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला करंडा काढून घेतला आणि उरलेल्या बायकांना स्वतः हळदीकुंकू लावलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

माझी पेटी भरली गेली का, विचाराल. नाही. आठपंधरा दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. "फसवलं" हा शब्द भांड्यांच्या आवाजात मला रोज ऐकू यायचा. मग एका सकाळी बघते तर आमच्या केरसुणीला लांब वेताची काठी सुतळीनं घट्ट बांधलेली. कुणी बांधली, ते ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. उभ्यानं केर काढताना मला रडू आलं, आणि सासूबाई पाठ करून म्हणाल्या, "कोपऱ्यातलं नीट काढ."

पण हे पुढचं. त्या हळदीकुंकवाच्या दिवशी, बायका गेल्यावर, दिवेलागणीला मी तिळगूळ घेऊन मावशींकडं गेले. त्या चुलीशेजारी घोंगडीवर पाय लांब करून बसल्या होत्या. चंद्राक्का आत काहीतरी करत होत्या.

"सगळं गाव तुम्हांला हसत होतं, मावशी," मी म्हटलं. "का केलंत असं?"

"हसंना. मला कुटं दुकतंय त्यानं?" त्या म्हणाल्या. मग चुलीकडं बघत राहिल्या. "तू त्या काड्यापेटीकडं बगत हुतीस न्हवं, तवाच मला कळालं. मी बी आशीच बगायची. माजी सासू दळाया बसवायची, आन् मी उटताना हसायची. लई वर्सं हसले बग. मंग सासू गेली आन् कुनापुडं हसायचं ऱ्हायलंच न्हाई, तवा मी वराडाया लागले."

मी त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसले. वाकले नाही. बसल्या बसल्याच नमस्कार म्हणून हात पुढं केला, तर तो त्यांच्या पावलांपर्यंत पोचेना. गुडघ्यापर्यंतच पोचला. त्यांनी लुगडं जरा वर घेतलं होतं, शेकण्यासाठी. गुडघ्याभोवती जुन्या डागण्यांचे वण होते, रुपयाएवढाले, काळे पडलेले. मी तळहात तसाच त्यावर ठेवला आणि हलकं हलकं चोळायला लागले. गुडघा तव्यासारखा तापला होता.

मावशी माझ्या हाताकडं बघायला लागल्या. भांडण नाही, खबरबात नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा थोरला की धाकला?"

"थोरला," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येईना. "डागायला लई जनांनी धरला त्येला. आसा हात कुनी न्हाई लावला." आणि थोड्या वेळानं, सुजलेल्या पायाकडं बघत, पहिल्यांदाच हळू आवाजात, त्या त्याला म्हणाल्या, "नीज आता."